रेडिओलॉजी विभागातला बर्नआउट: कामाचा डोस मोजा, मग तो कमी करा

एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी. रुग्णालयात भरती झालेल्या बहुतेक पेशंटची फाइल कधी ना कधी यांपैकी एका खोलीतून जातेच. ओपीडी वाढली की आपलं काम वाढतं. आयसीयूच्या खाटा वाढल्या की पोर्टेबल (मशीन खाटेपाशी नेऊन काढायचे एक्स-रे) वाढतात, ट्रॉमाचे पेशंट यायला लागले की रात्रीचे सीटी वाढतात. त्या मानाने तंत्रज्ञांच्या जागा भरल्या गेल्या, असं मात्र क्वचितच होतं. बाकीचे विभाग आपापले पेशंट मोजतात. आपल्याकडे सगळ्यांचेच पेशंट येतात, आणि केस पेपरवर आपलं नाव कुठेच नसतं.

हा लेख या विभागातल्या सगळ्यांसाठी आहे: तंत्रज्ञ, रेसिडेंट, कन्सल्टंट, सिस्टर, काउंटरवरची मुलगी, ट्रॉली ढकलणारे मामा आणि मावशी. मी तंत्रज्ञ म्हणून सुरुवात केली आणि आता विभागाचं रोस्टर लावते. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. बर्नआउटची सुरुवात कामाच्या मांडणीत होते, म्हणून दुरुस्तीही आधी तिथेच करायची. योगासनांचं शिबिर आणि 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं व्याख्यान नंतर. रेडिएशनचा डोस आपण दर तिमाहीला टीएलडी बॅजवर (अंगावर लावायचा, डोस मोजणारा बिल्ला) मोजतो. कामाचा डोस कुणीच मोजत नाही.

पायरी १: नक्की काय झालंय ते ओळखा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की ती येते आणि तिच्या तीन खुणा असतात: पार दमून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांची १९८१ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावलीही साधारण याच तीन अंगांवर उभी आहे.

आपल्या विभागात या खुणा कशा दिसतात?

दमणूक म्हणजे नाईटनंतरचा दिवस झोपून काढला तरी उठल्यावर अंग जडच असणं, ड्युटीच्या आदल्या संध्याकाळपासून पोटात गोळा येणं. मन तुटल्याची खूण बोलण्यात सापडते. पेशंटला 'काका, या आत' म्हणणारा तंत्रज्ञ हळूहळू 'तो हिप घे रे आत' म्हणायला लागतो. रेसिडेंट रिक्विझिशनवरची (तपासणीच्या मागणीपत्रावरची) हिस्टरी वाचेनासा होतो. तिसरी खूण सगळ्यात उशिरा लक्षात येते. सही केलेला रिपोर्ट पुन्हापुन्हा उघडून बघितला जातो, साध्या चेस्टचं एक्स्पोजर चुकायला लागतं, रिपीट (पुन्हा काढावे लागणारे एक्स-रे) वाढतात, आणि माणूस म्हणतो, 'मला हे काम जमतच नाही.' दहा वर्षं उत्तम काम केलेला माणूस असं म्हणतो तेव्हा ते साधं थकल्यामुळेच म्हणतोय, असं समजून सोडून देऊ नका.

बर्नआउट आणि नैराश्य यांत फरक करणं फार महत्त्वाचं आहे. बर्नआउट बहुधा कामाभोवती फिरतो. गावी चार दिवस गेलं की थोडं बरं वाटतं. घरी, सुट्टीत, आवडत्या माणसांतही मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. दिवसभर दुसऱ्यांच्या तपासण्या करणारी माणसं स्वतःचं रक्त द्यायला वर्षानुवर्षं जात नाहीत, आणि दमण्यामागे कधीकधी तेही कारण निघतं.

पायरी २: दोन आठवडे कामाचा डोस मोजा

विभागाच्या रजिस्टरवरून काम किती झालं ते कळतं, कसं झालं ते कळत नाही. चालत आलेल्या तरुणाचा चेस्ट पीए (छातीचा साधा एक्स-रे) रजिस्टरमध्ये '१' असतो. आयसीयूत जाऊन काढलेला पोर्टेबल चेस्टही '१'च. त्या दुसऱ्या '१'मध्ये काय काय असतं ते बघा. पहाटे तीनला मशीन लिफ्टपर्यंत ढकलत न्यायचं, लिफ्ट खाली येईपर्यंत थांबायचं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या पाठीखाली कॅसेट (एक्स-रेची प्लेट) सरकवायला एक सिस्टर आणि एक मामा शोधायचे. ट्यूब, सेंट्रल लाइन, ड्रेन, सगळं सांभाळत पेशंटला उचलायचं. शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांना बाहेर काढायचं, एक्स्पोजर द्यायचं, पुन्हा उचलून कॅसेट काढायची, पुसायची आणि परत खाली यायचं. तोवर कॅज्युअल्टीतून आलेले तिघे दारात उभे असतात आणि त्यातल्या एकाचा भाऊ आवाज चढवून विचारत असतो, 'इथे कुणी आहे की नाही?'

हे दिसावं म्हणून दोन आठवडे एक साधा कागद भरायचा. प्रत्येक शिफ्टचं एक पान, ते कन्सोलजवळ (मशीन चालवायच्या टेबलाजवळ) लटकवलेलं. त्यावर एवढे रकाने पुरेत:

- पोर्टेबल किती, आणि प्रत्येकाला जाऊन येऊन किती मिनिटं लागली
- फोन किती वेळा वाजला, दार किती वेळा उघडलं गेलं
- रिपीट किती, आणि का (पेशंट हलला, पोझिशन चुकली, मशीनचा दोष)
- पेशंट उचलावे लागले ते किती, आणि उचलायला माणसं किती होती
- कागदपत्रांत गेलेला वेळ: कन्सेंट, एमएलसीच्या (पोलिसांकडे जाणाऱ्या केसच्या) नोंदी, आणि वेगळा फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्याने लागणारी नोंद)
- जेवण झालं का, किती वाजता
- शिफ्ट संपायची वेळ आणि प्रत्यक्ष बाहेर पडण्याची वेळ

कागदावर कुणाचंही नाव लिहायचं नाही. कुणाचे रिपीट जास्त ते पकडण्यासाठी हा कागद वापरला, तर तिसऱ्या दिवसापासून तो खोटा भरला जाईल. हे इन्चार्जने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावं आणि पाळावं.

फॉर्म एफचा वेळ मी मुद्दाम वेगळा लिहायला सांगितला आहे. गर्भलिंग निदान रोखणारा १९९४ चा कायदा आवश्यकच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीत राहिलेली त्रुटी हाही या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कायम ठेवली आहे. त्यामुळे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यावर तपासणीइतकाच कागदाचा भार असतो. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जायला लागतो, आणि त्या चार-पाच दिवसांत रिपोर्टिंग रूममधलं वातावरण वेगळंच असतं. हा भार कायद्याने दिलेला आहे, तो टाळता येणार नाही. पण फॉर्म भरायला प्रशिक्षित माणूस देणं, तो पेशंट टेबलावर येण्याआधी भरून घेणं आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचे फॉर्म दोघांनी तपासणं, एवढं केलं तरी महिनाअखेरची धावपळ पुष्कळ कमी होते.

पायरी ३: एकच गाठ निवडा

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची कारणं सहा जागी शोधायला सांगितली आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि दखल, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, आणि मूल्यं. भरलेले कागद टेबलावर पसरा आणि प्रत्येक तक्रार या सहांपैकी कुठे बसते ते बघा. बहुतेकांना बोजाच मुख्य वाटतो. पण नीट बोललं की दुसरंच काही वर येतं. 'काम खूप आहे' म्हणणाऱ्या तंत्रज्ञाचं खरं दुखणं असं असतं की दिवाळीची नाईट दरवर्षी त्यालाच लागते. ते न्यायाचं दुखणं आहे आणि जादा माणूस देऊन ते सुटणार नाही. एकाच खोलीत, एकाच मशीनवर, कायम आणि कंत्राटी असे दोघे सारखंच काम करतात आणि पगारात मोठं अंतर असतं, हे मोबदल्याचं दुखणं आहे.

पहिल्या तीन महिन्यांसाठी एकच गाठ घ्या, आणि ती विभागाच्या आत सुटण्यासारखी घ्या. नवं सीटी मशीन येणं आपल्या हातात नाही, रिपोर्टिंग रूमचा फोन कुणी उचलायचा ते आहे.

पायरी ४: फोन आणि दार आवरा

माझ्या मते सगळ्यात लवकर फरक इथे पडतो.

सकाळी अकराला रिपोर्टिंग रूममध्ये जाऊन बसा. स्क्रीनवर पोटाचा सीटी उघडा आहे, शेकडो इमेजेस. रेसिडेंट लिव्हर बघतेय तेवढ्यात फोन वाजतो. सर्जरीचा इंटर्न विचारतो, 'मॅडम, चौदा नंबर बेडचा रिपोर्ट झाला का?' फोन ठेवून ती पुन्हा लिव्हरवर येते, तर दारात ऑर्थोचा रेसिडेंट सीडी घेऊन उभा. मग मामा येतात, 'मॅडम, सोनोग्राफीत फुल ब्लॅडरवाली बाई कधीची थांबलीय.' पुन्हा लिव्हर. स्वादुपिंडापर्यंत पोचायच्या आत तीनदा लक्ष तुटलेलं असतं, आणि छातीच्या तळाच्या कापांमध्ये दिसणारी छोटी गाठ अशाच वेळी नजरेतून सुटते. दोष मात्र तिच्या डोळ्यांवर येतो.

फोनची ड्युटी लावा. सकाळच्या सत्रात रिपोर्टिंग रूमचा फोन एकाच माणसाकडे. त्याच्याकडे सीटी-एमआरआयचं रिपोर्टिंग द्यायचं नाही, साधे एक्स-रे चालतील. दर दोन तासांनी माणूस बदला. विभागात एकच रेडिओलॉजिस्ट असेल तर हे काम काउंटरवर द्या: समोर यादी, प्रत्येक नावापुढे 'तपासणी बाकी', 'वाचन चालू', 'रिपोर्ट तयार' यांपैकी एक खूण. इंटर्नला हवं असतं ते उत्तर डॉक्टरांनीच द्यायला हवं असं अजिबात नाही. शिवाय दिवसात दोन वेळा ठरवा, समजा दुपारी बारा आणि चार. केसवर चर्चा करायला वॉर्डच्या डॉक्टरांनी त्या वेळी यावं. चर्चा मोलाचीच असते. ती दारात उभ्या उभ्या झाली की दोन्हीकडचं नुकसान होतं.

इमर्जन्सी म्हणजे काय ते लिहून लावा. मेंदूतला रक्तस्राव, टेन्शन न्यूमोथोरॅक्स, महाधमनीचं डिसेक्शन, डायफ्रामखाली मोकळी हवा, फुटलेली एक्टोपिक. अशी यादी क्लिनिकल विभागांच्या प्रमुखांसोबत बसून करा आणि त्यांची सही घ्या. यादीतलं काही दिसलं तर रेडिओलॉजिस्ट स्वतः फोन करेल आणि कुणाला, किती वाजता सांगितलं ते रिपोर्टमध्ये लिहील. बाकी सगळे रिपोर्ट ठरलेल्या वेळेत. 'अर्जंट' असा शिक्का प्रत्येक रिक्विझिशनवर असेल तर तो शिक्का निरुपयोगी झालेला असतो.

व्हॉट्सअॅपवर आलेली फिल्म. कोविडच्या काळात एचआरसीटीचा (छातीच्या सीटीचा) स्कोअर पंचवीसपैकी किती, हे नातेवाइकांनी थेट फोनवर विचारायची सवय लागली, आणि डॉक्टरांनीही ती परिस्थितीमुळे चालवून घेतली. साथ ओसरली, सवय राहिली. रात्री दहाला मोबाइलवर काढलेला फिल्मचा तिरका फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, 'सर, जरा बघता का.' यावर विभागाने मिळून एक वाक्य ठरवावं आणि सगळ्यांनी तेच पाठवावं: 'फोटोवरून मत देणं पेशंटसाठी सुरक्षित नाही. तातडीचं असेल तर ऑन कॉल रेसिडेंटला या नंबरवर सांगा.' एकट्याने नकार दिला की तो आखडू ठरतो, सगळ्यांनी दिला की ती पद्धत होते.

वाचताना कुणी अडवलंच तर कुठल्या अवयवावर होतो ते कागदावर लिहा, आणि परत आल्यावर तो अवयव पहिल्यापासून बघा. मधूनच धागा पकडायला जाऊ नका.

तंत्रज्ञांसाठी हाच नियम एमआरआयच्या दाराशी अधिक कडक हवा. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि पेशंटसोबत आलेल्या तरुणाचा जीव गेला. मशीनचं चुंबकत्व स्कॅन चालू नसतानाही असतंच. म्हणून दाराशी पेशंटची आणि सोबतच्या प्रत्येकाची तपासणी करणाऱ्या माणसाला त्या वेळी फोन, फिल्म, बिल यांतलं कोणतंही दुसरं काम द्यायचं नाही. माणसं कमी आहेत म्हणून दार आणि कन्सोल एकाच्याच गळ्यात घालणं धोक्याचं आहे, आणि हे लेखी कळवायची हिंमत ठेवा.

पायरी ५: रोस्टर माणसाच्या शरीराप्रमाणे लावा

रोस्टर हा विभागातला सगळ्यात ताकदीचा कागद आहे. तो बहुतेक ठिकाणी घाईत, मागच्या महिन्याचा बघून, भांडण होणार नाही अशा बेताने लावला जातो. मीही हे काम करते, त्यामुळे त्यातली ओढाताण मला ठाऊक आहे. तरी काही गोष्टी माणसं न वाढवताही बदलता येतात.

शिफ्टचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवा. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं, म्हणून रात्रीकडून दुपारी आणि दुपारकडून सकाळी असा उलटा क्रम जास्त दमवतो. सलग नाईट दोन, फार तर तीन. दोन शिफ्टमध्ये किमान अकरा तास मोकळे. दुपारची शिफ्ट रात्री नऊला संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर, हा प्रकार बंद करा.

नाईट संपवून सकाळी आठला घरी गेलेल्याचा तोच दिवस साप्ताहिक सुट्टी म्हणून धरू नका. तो दिवस झोपेत जातो. सुट्टी त्याच्या पुढचा दिवस. ही एकच गोष्ट बदलली तरी रोस्टर लावणाऱ्याबद्दल लोकांचं मत बदलतं.

रात्रीचं काम रात्रीच्या कामापुरतं ठेवा. पहाटे चारला मागवलेल्या पोर्टेबलपैकी किती खरोखर तातडीचे होते, हे दोन आठवड्यांच्या कागदात दिसेलच. 'सरांच्या राउंडला फिल्म हवी' एवढंच कारण असेल तर ते पोर्टेबल सहानंतर एकत्र, वॉर्डच्या क्रमाने काढा. आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरशी बसून बोललं तर हे जमतं, कारण त्यांनाही पेशंटला चारला हलवायचं नसतं. पहाटे तीन ते पाच माणसाचं लक्ष सगळ्यात मंद असतं. दोघे असतील तर एकमेकांना वीस-तीस मिनिटांची डुलकी घेऊ द्या, उघडपणे, वेळ ठरवून. ती कामचुकारपणा म्हणून लिहून ठेवणाऱ्या सुपरवायझरशी वाद घालायची वेळ आली तर घाला.

सणांची एक वही ठेवा: गणपती, दसरा, दिवाळी, ईद, नाताळ, आंबेडकर जयंती, ३१ डिसेंबर. गेल्या तीन वर्षांत कुणाला काय लागलं ते त्यात सगळ्यांना दिसेल असं लिहा. 'तिला कुठे मुलं आहेत' म्हणून अविवाहित मुलीला, किंवा 'तो गावाला जात नाही' म्हणून एकट्यालाच सण देणं थांबतं, कारण वही सगळ्यांसमोर असते.

कॉन्ट्रास्टचे सीटी, डीएसए (रक्तवाहिन्यांची तपासणी), सोनोग्राफी या खोल्यांत माणसं फिरती ठेवा. ज्याला डीएसए चांगलं जमतं त्यालाच महिनोन्महिने तिथे उभं करणं ही त्याच्या कौशल्याची शिक्षा होते. दुसऱ्या कुणाला शिकवा.

रेसिडेंटच्या तासांबद्दल कागदावरचे आधार जुने आहेत. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत एका वेळी बारा तासांहून जास्त काम नको आणि आठवड्याला साधारण ४८ तास, असं म्हटलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक दिवस सुट्टी सुचवली. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळे जाणतात. पण अर्ज करताना हे आधार लिहा. 'खूप दमतो' या तक्रारीला जे वजन येत नाही ते अशा वाक्यांना येतं.

पायरी ६: पाठ, खांदा, डोळे, बॅज

लेड एप्रनचं वजन काही किलो असतं, आणि प्रोसिजरच्या दिवशी ते तासन्‌तास खांद्यावर असतं. शक्य तिथे कंबरेपासून वेगळा होणारा दोन भागांचा एप्रन मागा, त्याने वजन कंबरेवर वाटलं जातं. एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका, आतलं शिसं तडकतं. स्टँडवर टांगा आणि ठरावीक काळाने फ्लुओरोस्कोपीखाली तपासून घ्या.

सोनोग्राफी करणाऱ्यांचा खांदा जातो तो हात शरीरापासून लांब धरून प्रोब दाबल्याने. पेशंटला टेबलाच्या आपल्या बाजूच्या कडेला सरकायला सांगा, खुर्ची वर घ्या, कोपर अंगाजवळ ठेवा, प्रोब मुठीत आवळू नका. रिपोर्टिंग करताना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा. खोलीत अंधारगुडूप नको, मंद उजेड ठेवा. पेशंट उचलायला चौघं हवेत तिथे दोघांनी हात लावू नका. चादरीला धरून सरकवा, माणसं येईपर्यंत थांबा, आणि उशीर झाला तर कारण लिहा.

बॅजबद्दल थोडं. एप्रन घातला असेल तर टीएलडी त्याच्या आत, छातीवर. अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट आहे. गरोदर कर्मचाऱ्याने कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलीसिव्हर्टहून जास्त डोस जाऊ नये. नियम पाळणाऱ्या निदान विभागात तंत्रज्ञांचे डोस सहसा या मर्यादेच्या खूप खाली असतात. पण हा रिपोर्ट रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात राहतो आणि नव्याने लागलेली मुलगी 'मला पुढे मूल होईल ना' ही धास्ती मनात घेऊन वर्षं काढते. दर तिमाहीला प्रत्येकाला त्याचा आकडा दाखवा आणि समजावून सांगा. ही भीतीही दमवते, आणि ती पाच मिनिटांत उतरवता येते.

पायरी ७: दाराबाहेरची गर्दी

नातेवाईक चिडतात ते बऱ्याचदा किती थांबायचं ते माहीत नसल्यामुळे. दारावर पाटी लावा: आत्ताचा नंबर, अंदाजे वेळ, आणि 'अपघाताचे व अत्यवस्थ पेशंट आधी घेतले जातील' हे ठळक अक्षरांत. दर अर्ध्या तासाने कुणीतरी बाहेर येऊन दोन वाक्यं बोला: 'आत डोक्याला मार लागलेला पेशंट आहे. साधारण पाऊण तास लागेल. कुणाला चहाला जायचं असेल तर जाऊन या, नंबर जाणार नाही.' एवढ्याने आवाज खाली येतात.

हात उगारला गेला तर तिथेच एकट्याने सोडवत बसू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तीवर हिंसा हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सिक्युरिटीचा नंबर कन्सोलवर चिकटवा. तक्रार संस्थेने करावी, मार खाल्लेल्या तंत्रज्ञाला एकट्याला पोलीस ठाण्यात पाठवू नये. आणि घटनेनंतर त्याला त्या दिवशी घरी जाऊ द्या.

पायरी ८: रिपोर्ट चुकला त्यानंतरचे दिवस

सुटलेलं फ्रॅक्चर, चुकीच्या बाजूचा एक्स-रे, कॉन्ट्रास्टनंतर बिघडलेला पेशंट. असं झालं की आधी पेशंट: उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन, रिपोर्टला वेळेसह पुरवणी, वरिष्ठांना कल्पना. यात लपवाछपवी अजिबात नको.

त्यानंतर चुकलेल्या माणसाकडे बघा, कारण इथेच कित्येक चांगली माणसं कायमची खचतात. त्याला कॉरिडॉरमध्ये, ज्युनिअरसमोर बोलू नका. पुढचे दोन दिवस त्याची यादी हलकी करा, शेजारी कुणी बसा. तो प्रत्येक चेस्ट तीनतीनदा बघायला लागेल, त्याला हळूच सांगा की हे काही दिवस होतं. महिन्यातून एकदा विभागाने नावं काढून अशा केस एकत्र बघाव्यात. रिपोर्ट चुकला त्या दिवशी रोस्टर काय होतं, फोन किती होते, हिस्टरी लिहिली होती का, हेही त्याच वेळी मांडावं. कुणी अवघड गोष्ट पकडली असेल तर तीही दाखवा. नुसत्या चुकांच्या बैठकीला लोक येईनासे होतात.

पायरी ९: वरिष्ठांकडे जाताना

एकटे जाऊ नका, आणि रागात जाऊ नका. दोन आठवड्यांचे कागद एका पानावर आणा. अर्ज साधारण असा:

'महोदय/महोदया, अमुक ते अमुक तारखेदरम्यान आमच्या विभागात रात्रपाळीत सरासरी इतके पोर्टेबल झाले. त्यापैकी इतके तातडीचे नव्हते. त्या वेळेत कॅज्युअल्टीतील पेशंटना सरासरी इतकी मिनिटं थांबावं लागलं. एक तंत्रज्ञ असल्याने इतक्या वेळा एक्स-रे कक्ष रिकामा राहिला. तातडीचे नसलेले पोर्टेबल सकाळी सहानंतर घेण्याची लेखी सूचना सर्व वॉर्डांना द्यावी, ही विनंती. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करून अहवाल देऊ.'

एका अर्जात एकच मागणी. पेशंटच्या थांबण्याचा आकडा पहिल्या तीन ओळींत. आवक क्रमांकाची पोच घ्या. जागा भरण्याची मागणी वेगळ्या अर्जात करा, कारण तिला महिने लागतात आणि तिच्याखाली छोटी मागणी दबते. कंत्राटी सहकाऱ्यांच्या सह्या मागताना त्यांच्या नोकरीचा विचार करा. कायम असलेल्यांनी आपली नावं वर लिहावीत.

पायरी १०: स्वतःसाठी, आणि सोडायचं ठरवलं तर

नाईटनंतर गाडी चालवत घरी जाऊ नका, लोकल किंवा बसने जा. शिफ्टच्या शेवटच्या सहा तासांत चहा-कॉफी टाळा, खोलीला जाड पडदा लावा, आणि घरच्यांना सांगा की दुपारी दोनपर्यंत दार वाजवायचं नाही. घरात नाईटला जाणारी सून असेल तर तिच्या झोपेला बहुतेक घरांत किंमत नसते. हे घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांकडून सांगायला लावलं तर जास्त पटतं. अर्जित रजा साठवून ठेवू नका, वर्षातून एकदा सलग आठवडाभर घ्या. प्राणायाम, चालणं, भजनी मंडळ, क्रिकेट, जे आवडतं ते करा. बिघडलेलं रोस्टर मात्र त्याने सुधारणार नाही, तेव्हा पायरी ४ आणि ५ सोडून फक्त हे करू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं असेल आणि आपल्याच रुग्णालयात संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या रुग्णालयात जा. रेसिडेंटनी आपल्या बॅचमधल्या एकाला तरी खरं सांगून ठेवावं.

सगळं करूनही काही हललं नाही, सहा महिने गेले आणि तब्येत खालावतच असेल, तर नोकरी बदलणं हा योग्य निर्णय असू शकतो. रात्री दोनला, नाईटच्या मध्यावर राजीनामा लिहू नका. रजा घ्या, झोपा, मग ठरवा. नोटीसचा काळ पूर्ण करा, अनुभव प्रमाणपत्र घ्या, आणि टीएलडीच्या आजवरच्या डोसची नोंद लेखी मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. नव्या ठिकाणच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे ती पहिल्या दिवशी द्या, आणि मुलाखतीतच विचारून ठेवा: रात्री किती तंत्रज्ञ असतात, नाईटनंतरचा दिवस सुट्टीत धरतात का, आणि रिपोर्टिंग रूमचा फोन कोण उचलतं.